सुतारांचा सागवानी बाक

मुलांनो, आपल्या कोपऱ्यावरच्या सुतारांच्या दुकानाचा जीव म्हणजे त्यांचा लाकूडकामाचा सागवानी बाक. त्यावर कुणी टेकलं की ते खेकसतात, "उठा जी, तो का खाट हाय?"

अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा घरच्यांनी तो बाक विकायचं ठरवलं.

काल मी पाट करून मागायला गेले, तर ते डाव्या हाताने रंदा मारत होते. फळी हलेल म्हणून मी धरायला धावले.

"सोडा बाई. बाक धरून राहिला न तिले!"

फळी खरंच बाकाच्या शिकंज्यात घट्ट आवळलेली होती. रंद्यातून लांब, अखंड साल निघाली.

"पाटाची घाई नाही," मी म्हणाले.

"काऊन नाही? सोमवारी घेऊन जा."

आतून त्यांच्या बायकोने विचारलं, "मंग बाक नेणाऱ्याले येऊ नोको म्हणून सांगू का?"