रुक्मिणीबाईंचा राहिलेला उखाणा

भोसरीतल्या आमच्या गल्लीत कुणाला उखाणा हवा असला, की रुक्मिणीबाईंचं दार वाजतं. बाई मूळच्या लातूरकडच्या, कंपनीतल्या पोरांचे डबे करतात. थापता थापता नवऱ्याचं नाव विचारतात आणि भाकरी फुगायच्या आत उखाणा तयार. नवरा कोकणातला असो की विदर्भातला, वेल्डर असो की बँकेतला, नाव चपखल बसतं. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण मला स्वतःला एक उखाणा सुचेल तर शपथ.

बाई मात्र उखाणा घेत नाहीत. म्हणजे कुणी आग्रहच करत नाही. त्यांचे यजमान उद्धवराव जाऊन बारा वर्षं झाली. विधवेला कोण म्हणणार? दर संक्रांतीला माझ्या हळदीकुंकवाला त्या येतात त्या स्वयंपाकघरात, तिळाच्या वड्या मांडायला. मी शाळेत शिकवते, मोठी सुधारलेली, पण मीही त्यांना कधी बाहेर बायकांत बसवलं नाही. सांगायला लाज वाटते.

यंदा वरच्या खोलीतली दिव्या आली. बिहारची, लग्नाला सहा महिने झालेले, नवरा चाकणला कामाला. रुक्मिणीबाईंनी तिच्यासाठी रचलेल्या दोन ओळी शेजारच्या रुपालीनं तिच्यापुढे धरल्या. पोरगी रडकुंडीला आली.

"आमच्यात नाव नाही घेत," ती म्हणाली. "त्यांचं आयुष्य कमी होतं."

बायका हसल्या. "इथं सगळ्याच घेतो की. आमचे आहेत ना धडधाकट," रुपाली म्हणाली.

तेवढ्यात रुक्मिणीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "सोडा तिला. तिच्या गावची रीत हाय ती."

दिव्यानं त्यांचा हात धरला. "चाची, माझ्या बदली तुम्ही घ्या ना."

इथली रीत तिला कुठली ठाऊक! बाईंनी माझ्याकडे पाहिलं. घर माझं, होकार मीच द्यायचा होता. त्यांना उखाणा किती घ्यायचा होता ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"बसा इथं," मी म्हटलं. "आणि घ्या."

बाईंनी पदर सावरला.

"भोंगा झाला कंपनीचा, उडाली माझी घाई,
उद्धवरावांच्या डब्याबिगर दिस उगवत न्हाई."

नावापाशी आवाज थरथरला, पण थांबला नाही. रुपालीनं डोळे पुसले. मीही पुसले.

"हा कधी रचलात?" मी विचारलं.

"दर संक्रांतीला एक रचून ठिवते," बाई म्हणाल्या. "आणखी अकरा हायेत."