सिमेंट सुकेपर्यंत पाय हलवायचा नाही

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. उजवा गुडघा बदलून पंधरा दिवस झालेले. टाके काढून झाल्यावर डॉक्टर माझा पाय वाकवत होते आणि तो वाकत नव्हता.

"काका, घरी व्यायाम करता ना?"

"करतो."

"कसले करतात!" सून वैशाली मध्येच बोलली. "व्यायाम करून घ्यायला येते त्या फिजिओ मुलीला दारातनंच परत पाठवतात."

मी लादीवाला. लालबाग-परळच्या चाळींत चाळीस वर्षं गुडघ्यावर बसून लाद्या बसवल्या, त्यातच गुडघे गेले. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या कामात कुणी खोट काढली नाही. ऑपरेशनआधी डॉक्टरच म्हणालेले, झिजलेली हाडं घासून वर धातूची टोपी बसवतो, सिमेंटने पक्की करतो. सिमेंट म्हटल्यावर मला पुढचं कोण शिकवणार? ताज्या लादीवर आम्ही पाय ठेवू देत नाही. हलली की खाली पोकळ राहते. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन चालवलं, तेव्हाच वाटलं, हे घाईत काम बिघडवणार. घरी येऊन गुडघ्याखाली उशी घेतली. सिमेंट पक्कं व्हायचे एकवीस दिवस पाय हलवायचा नाही, ठरवून टाकलं.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"काका, ते सिमेंट तुम्ही टेबलावर होतात तेव्हाच सुकलं. आता आखडतंय ते आतलं मांस. दीड महिन्यात पाय काटकोनात वाकला नाही, तर परत भूल देऊन वाकवावा लागेल."

"आणि नाय वाकवला तर?"

"तर जिना विसरा. आणि उशी टाचेखाली घ्या. पाय सरळपण व्हायला हवा."

आम्ही तिसऱ्या माळ्यावर राहतो. त्या दिवशीच शेजारच्या दोघांनी मला खुर्चीत बसवून खाली आणलेलं.

टॅक्सीत वैशाली म्हणाली, "बाबा, तुमच्या लादीवर कोण पाय ठेवायला आला तर तुम्ही त्याचं ऐकता काय?"

मी खिडकीला डोकं टेकलं. दमलो होतो.

पाय काटकोनात यायला पुढे पाच आठवडे गेले. जिना चढतो आता, कठडा धरून. मांडी घालून बसणं गेलं ते गेलंच. दुसऱ्याचं काम आपल्याला कळतं असं समजू नये, एवढंच सांगतो.

डॉक्टरकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुखण्याची गोळी घेतली आणि त्या फिजिओ मुलीला मीच फोन लावला.

"कोण?"

"लादीवाले काका. ये गो. माझं चुकलं."

ती साडेनऊला आली. मी ओरडलो, पण पाय काढून घेतला नाही.