जंगलातला माणूस

माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, जमत आलेलं लग्न मी एका वानराच्या केसांपायी मोडायला काढलं होतं. (माकड नव्हे, वानर. ही दुरुस्ती मी त्या दिवशीही केली, आणि पश्चात्ताप तिचाच जास्त आहे.)

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि नांदुऱ्याच्या शाळेत मीही नवाच मास्तर होतो. वर्गासाठी ओरांगउटानचं चित्र काढलं, गेरूनं लांबलचक तांबडे केस रंगवले. नाव कसं लिहायचं याची खात्री नव्हती. म्हणून वरची जागा कोरी ठेवून खाली नुसता अर्थ लिहिला, 'जंगलातला माणूस', आणि चित्र वाळायला बैठकीत टांगलं.

त्याच दिवशी डोणगावहून पाहुणे कुसुमला पाहायला आले. मुलगा जंगल खात्यात गार्ड होता!

मुलाच्या वडिलांनी चित्राखालचं वाचलं. मग मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मास्तर, हे कोन हाय?"

"लेकरांले दाखवाले काढलं, काका."

"आमच्या पोराले लेकरांत दाखवता?"

"नाही हो! हे त माकड... म्हंजे वानर हाय!"

"वानर म्हनते!" काका उठलेच.

याआधीची दोन स्थळं पत्रिकेत अडली होती. दाराआडून आईनं हातवारे केले : काहीतरी बोल! मी बोललो. हे जनावर दूर देशी, पावसाच्या रानात राहतं. तिथल्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थच तो. हातावरचे केस कोपराकडे उतरते, म्हणून पाणी गवताच्या छपरावरून ओघळावं तसं निथळतं. गारठाही लागत नाही.

"केस नसते त बिचारं भिजून मेलं असतं!" मी कळवळून म्हणालो, आणि उतरते केस म्हणजे कसे, ते दाखवायला मुलाच्या डोक्यावरची टोपी उचलली. (माझ्या डोक्यावर न्हाव्यानं कालच मशीन फिरवली होती.)

टोपीखाली एकही केस नव्हता.

आईनं कपाळाला हात लावला. मुलानं टकलावरून हात फिरवला.

"मंग मी त भिजूनच मरीन, मास्तर."

दाराआड कुसुम खदखदून हसली. पाहायला आलेल्यांपुढे मुलीनं हसायचं नसतं!

"कोन हसलं?" काका गरजले.

"जिले पाहाले आलो तेच हसली, बाबा. मले पसंत हाय. टक्कल लपवून मले लगन कराचंच नव्हतं."

आईनं आत जाऊन कुसुमला विचारलं. "हाव," एवढंच बाहेर ऐकू आलं.

काका पुन्हा बसले. "हुंडा नको, मानपान नको. एकच अट. लग्नात मास्तरानं तोंड उघडाचं नाही."

"कबूल!" आई म्हणाली. लग्नाच्या कुठल्याही बोलण्यांत तिनं इतक्या झटकन होकार दिलेला मी पाहिला नव्हता.

लग्नभर मी तोंडात सुपारी धरून हिंडलो. डोणगावची मंडळी एकमेकांना सांगत होती, "नवरीचा भाऊ केवढा हुशार दिसते, नाही?"