फर्माइशीचं पोस्टकार्ड

आमच्या किन्हीराजात तेव्हा रेडिओवर आपलं नाव येणं म्हणजे आमदार होण्यापेक्षा मोठी गोष्ट होती. गाण्याच्या फर्माइशीचं पोस्टकार्ड पाठवायचं आणि खाली घरादाराची नावं लिहायची, अशी रीत. आमच्या घरून कार्ड लिहिणारी मी. आधीची तीन कार्डं रेडिओवर वाचलीच गेली नव्हती, म्हणून चौथ्या कार्डावर मी असं अक्षर काढलं की परीक्षेतही कधी निघालं नाही. सगळ्यात वर माझं नाव लिहिलं आणि मालेगावच्या पेटीत टाकायला दादाजवळ दिलं.

महिन्याभरानं निवेदिकेनं आमच्या गावाचं नाव घेतलं. मी रेडिओसमोर फतकल मारली. तिनं दादाचं नाव घेतलं, काकांच्या चारही पोरांची घेतली, पाळण्यातल्या भाच्याचंसुद्धा घेतलं. माझं आलंच नाही.

"दादा, माहं नाव कुठी गेलं?"

"दुसरं कार्ड लिवलं मी. पोरीचं नाव रेडिओवर देतात काय? लोक काय म्हनतीन?"

"मंग गानं कोनाचं हाय?"

"घरचं हाय ना! कायले बोंबलून राह्यली? आयक गुमान."

गाणं सुरू झालं तसा मी रेडिओच बंद केला. घरात आरडाओरडा झाला, आईनं पाठीत धपाटा घातला, पण मी बटण सोडलं नाही. इतकी वाट पाहिलेलं गाणं मीच बुडवलं, एवढी माझी अक्कल!

इतकी वर्षं झाली, तरी अजूनही दादा दिवाळीला माझ्या घरी आला की जेवताना ते गाणं मुद्दाम गुणगुणतो. माझ्या लेकी हसतात. मी मात्र हातातली भाजी त्याला न वाढताच आत निघून जाते.