अकरा बोटं की चौदा?

मल्हारींची रेणुका समुद्र मोजायच्या नोकरीवर आहे, हे मंठ्याजवळच्या तिच्या गावात कुणाच्या पचनी पडत नसे. "मोजती म्हंजी? टेपानं?" हा पहिला प्रश्न. "मंग, किती भरला?" हा दुसरा. रेणुका दोन्हींना खळखळून हसायची. शेळ्या राखणाऱ्या घरातली ही पोर जालन्याला शिकली आणि गेली सहा वर्षं कोकणातल्या एका बंदरात, धक्क्याला ठोकलेल्या पट्टीवर रोज पाणी किती आलं ते वाचत होती. यंत्राचा आकडा पट्टीशी ताडून बघायचा, पट्टीला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हे तिचं काम.

आता साहेबांनी तिला पूर्व किनाऱ्यावर, एका मोठ्या नदीच्या मुखाशी, नव्या केंद्रावर बोलावलं होतं. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. रेणुकाला जायचं होतं, अगदी मनापासून. पण वडिलांचं, आबांचं मन मोडून नव्हतं जायचं. पंधरा दिवसांची रजा काढून ती घरी आली, तर आबांचं एकच पालुपद: "भुजंगाला पटव. त्याला पटलं की मला पटलं."

भुजंगमामा म्हणजे तिच्या आईचे धाकटे भाऊ, पंचक्रोशीतले नामांकित गवंडी. त्यांच्या प्रत्येक वाक्याला 'बिलकुल बराबर'चं शेपूट असे. एकदा मयतीच्या घरी जाऊनही म्हणाले होते, "लई लवकर गेले बिचारे, बिलकुल बराबर."

"समुद्र एकच ना गं रेणे?" मामांनी ओसरीत बसकण मारली.

"एकच."

"मंग एका जागी मोजलं, झालं!" त्यांनी बांधकामाची पातळी बघायच्या, पाण्यानं भरलेल्या लेव्हल पाइपची दोन टोकं दोन हातांत धरली. "हे कोकण, हे बंगाल. पाणी सारखं. वाढलं तं दोन्हीकडं सारखंच वाढंल, बिलकुल बराबर. तुला उगा फिरवून राह्यले."

"मामा, समुद्र काय पाइपात बसून राह्यलाय का? कुठं वारा पाणी ढकलतो, कुठं पाणी तापून फुगतं. आन् कुठं तं जमीनच खाली बसती."

"जमीन!" मामा आबांकडं वळले. "दाजी, पोरगी शिकली, पण लईच शिकली."

"भांडू नगा," आतून रेणुकाची आई बायनाबाई म्हणाल्या. "तळं हाय न गावात. मोजा की जाऊन!"

झालं. मामांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी कुंपणाचे दोन दगडी खांब आणले, बोटाबोटावर लाल रेघा मारल्या. एक खांब पाझर तलावाच्या मुरमाड काठाशी उभा केला, दुसरा समोरच्या काठाशी. पाइप लावून दोन्हींची डोकी एका पातळीत आणली. "आता पाऊस येऊ दे. दोन्हीकडं एकच आकडा निघंल. न्हाई निघाला तं मीच पोरीला गाडीत बसवून देतो!"

बारा दिवस पाऊस चांगला लागला. तेराव्या दिवशी मामा, आबा आणि रेणुका तलावावर गेले. मुरमाड काठाच्या खांबावर पाणी अकरा बोटं चढलं होतं. समोरच्यावर चौदा.

"कोन्या गाढवानं खांब हलिवला?" मामा गरजले.

"मामा, पाइप लावा."

मामांनी पाइप लावला. दोन्ही टोकांचं पाणी शांत झालं आणि मामांचा चेहरा लांब झाला. समोरच्या खांबाचं डोकंच तीन बोटं खाली होतं. त्यांनी खांबाच्या बुडाशी हात घातला, तर मूठभर काळा, लिबलिबीत चिखल वर आला.

"आयला! काळीत रोवला मी!"

आबा पोट धरून हसायला लागले. अख्ख्या गावाला 'मुरूम लागंस्तोवर पाया काढा' म्हणून दम देणारा हा माणूस. त्यानं स्वतःचा मणाचा दगड ओल्या काळीवर उभा केला होता.

"पाव्हणं, पाया न्हाई काढला?"

"म्हनलं, पाणी तं मोजायचं, पायाला काय करायचं!"

रेणुका गुडघाभर पाण्यात उभी होती. "मामा, पाणी अकराच बोटं वाढलं. पण ह्या खांबावर कुणाचं घर असतं तं?"

मामांनी डोकं खाजवलं. "त्याच्या उंबऱ्याला चौदा."

"तिकडं नदीच्या मुखाशी सगळी गाळाची जमीन हाय. पाणी किती चढलं आन् जमीन किती बसली, दोन्ही मोजायला पायजे. कोकणातल्या पट्टीवरनं ते कळत न्हाई."

मामांनी चौदाव्या रेघेवर बोट टेकवलं. मग ओरडलेच, "दाजी, हिला जल्दी पाठवा! तिथं कोन्या येड्यानं काळीत खांब रोवला असंल तं?"

"पटलं का?" आबांनी विचारलं.

"बिलकुल बराबर!"

"मंग जा गं बाई," आबा म्हणाले. "तुझ्या मायला मी सांगतो."

मोबाइलला रेंज फक्त तलावाच्या बांधावर यायची. रेणुका ओल्या पायांनीच धावत वर गेली. खाली मामा तोंडाला हात लावून ओरडत होते, "साहेबाला इचार, पाया किती फूट हाय!"

"सर," तिनं फोनवर सांगितलं, "मी येते. आणि एक विचारायचं होतं..."