सुभेदारांच्या दोन दुर्बिणी

"यातली कुठली ठिवू, मिस्त्री? तेवढं सांगा."

सुभेदारांनी माझ्या टेबलावर दोन दुर्बिणी ठेवल्या आणि खुर्ची पुढं केली तरी उभेच राहिले. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं असेल. सांगलीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये काच असलेलं आणि बिघडलेलं सगळं यायचं. पाटबंधाऱ्याच्या कामावरचे मोजणीचे थिओडोलाइट, कॉलेजांचे मायक्रोस्कोप, लग्नातल्या फोटोवाल्यांचे कॅमेरे. दुर्बीण क्वचितच, आणि अशा दोन भारी दुर्बिणी एकदम तर कधीच नाही.

जुनी महायुद्धाच्या आधीची जर्मन. अंग पितळी, खांदे रुंद. पलटणीतल्या एका गोऱ्या साहेबानं घरी परतताना ती सुभेदारांना दिली होती. नवीसुद्धा जर्मनच, पण सडपातळ, दोन सरळ नळ्या. सुभेदारांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता, त्यानं तिकडच्या बंदरात घेऊन पाठवलेली. जी नको ती पाचगणीच्या एका शाळेला द्यायची होती. पेन्शनीत आल्यावर सुभेदारांनी तिथं पोरांना ड्रिल शिकवलं होतं, आणि तिथल्याच एका मास्तरांमुळं त्यांना पक्षी बघायचा नाद लागला होता.

"दोन्ही ठेवा की," मी म्हणालो.

"एका मानसाला एकच रायफल असती," ते म्हणाले.

पक्षी म्हणजे तरी किती? सुभेदारांना खरं तर एकच पक्षी बघायचा असायचा, माळढोक. त्यांच्याकडं त्याला हूम म्हणतात. आटपाडीकडच्या त्यांच्या गावाबाहेर मोठा माळ होता. पाऊस पडून गवत उगवलं की तिथं हूम यायचे. नर मान फुगवून गळ्याची पांढरी पिशवी पार जमिनीपर्यंत सोडतो आणि मादीसमोर मिरवतो. पण माणूस लांबून दिसला तरी तो उडून जातो. म्हणून दुर्बीण. सुभेदार दर वर्षी त्यासाठी पहाटेपासून बांधाआड पडून राहायचे. घरच्यांना हे खूळ वाटायचं.

मी दोन्ही दुर्बिणी तपासल्या. आधी दोन्ही नळ्या एकाच जागी बघतात का ते पाहिलं. त्या जराशा फाकल्या असतील तर डोळे ताणून माणसाचं डोकं दुखतं. जुनीत एक लोलक, म्हणजे उजेडाला वळवणारा काचेचा ठोकळा, हलला होता. तो मी बसवला. मग दोन्ही घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. तिथून माधवनगरच्या गिरणीची चिमणी दिसायची, आमची तीच परीक्षेची पाटी. जुनीतून चिमणीच्या लोखंडी पायऱ्या दिसल्या. नवीतून पायऱ्यांवरचा गंज दिसला. नवीच्या काचांवर जांभळट थर होता. काचेवर पडलेला उजेड परत न फिरता आत जावा, म्हणून तो देतात. शिवाय ती वजनाला निम्मी, आणि सुभेदारांच्या खांद्यात लढाईतली जुनी दुखापत होती.

आमचे मालक जुनीच्या बाजूचे. "जुनी बिघडली तर आपण उघडू शकतो. ही नवी आपल्या बापाच्यानं उघडायची नाही."

"बिघडलीच नाही तर उघडायची कशाला?" मी म्हणालो. तेव्हा माझं वय तसं बोलायचं होतं. सल्ला मात्र चुकीचा नव्हता, असं मला आजही वाटतं.

सुभेदारांनी पुन्हा एकदा नवी डोळ्याला लावली आणि हसले. "गड्या, हूमाची मिशी दिसंल यातनं." जुनी पाचगणीला गेली.

त्यानंतर तीन वर्षं त्यांची काही खबर नव्हती. एका दुपारी आले ते दुर्बीण धुवट फडक्यात गुंडाळून. अंगानं उतरले होते.

"ही बी शाळंला पाठवा. माजं डोळं गेलं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दावून काय? मोतीबिंदू म्हनून कापाकापी करतील. गेलं ते गेलं. यातनं आता नुस्तं धुकं दिसतंय."

दुसऱ्या हाती देण्याआधी तपासायचं, हा आमचा रिवाज. म्हणून मी ती खिडकीकडं करून डोळ्याला लावली. मलाही धुकंच दिसलं. ताकात बघावं तसं सगळं पांढरट. पुढची काच तिरकी धरली तर जांभळा थर जागेवर नव्हता. काचभर बारीक गोलगोल ओरखडे होते.

"सुभेदार, काचेला काय लावलंत?"

"पितळंचं पॉलिश. बक्कल चमकवतो आमी, त्ये." त्यांचा चेहरा जरा उजळला. "नव्या वस्तूवर जांभळा डाग हुता की हो! पोराला कुनीतरी फसवलं आसंल. दर आयतवारी किट काढून बसायचो. लय चिवट डाग, पन काढलाच."

मालकांनी हातातलं काम खाली ठेवलं. जुनीची काच उघडी होती, तिच्यावर थरच नव्हता. तिला त्यांनी काहीही फासलं असतं तरी इतकं बिघडलं नसतं.

"तुम्हाला दुर्बिणीचा संशय कसा नाही आला?" मी विचारलं.

"किट साफ आसल्यावर? आमचा उस्ताद सांगायचा, रायफल साफ आसंल आन् तरी गोळी चुकली, तर जवानाला मेडिकलला पाठवा. दोष मानसात आसतोय."

मी त्यांना गच्चीवर नेलं. आमची वर्कशॉपची साधी दुर्बीण हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ चिमणीवर रोखली. उजवा डोळा मिटून बघितलं, मग डावा मिटून.

"उजव्यानं जरा अंधूक हाय. पन पायऱ्या दिसत्यात की."

"तुमचे डोळे ठीक आहेत, सुभेदार. काच गेलीय."

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी दुर्बीण खाली केली आणि माझ्याकडं बघत राहिले.

"मंग दोन सालं मी घरात का बसलो?"

खाली आल्यावर मालकांनी चहा मागवला. दुर्बीण दुरुस्त होईल का, तर नाही. तसल्या काचा इथं मिळत नव्हत्या आणि थर देणारं कुणी नव्हतं. मुलाला काय सांगू, असं सुभेदार स्वतःशीच म्हणाले. शाळेकडून जुनी परत मागू का, असं मी विचारलं. "दिल्याली चीज मागायची न्हाई," म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात मालकांनी वर्कशॉपची दुर्बीण देऊन मलाच त्यांच्याबरोबर पाठवलं. एसटीनं गावात उतरलो आणि पहाटेच माळावर गेलो. अर्धा माळ नांगरलेला होता. विहिरीला पाणी लागल्यावर कुणीतरी इंजिन बसवलं होतं, ते ठकठकत होतं. आम्ही बांधाआड पडून राहिलो. ऊन चढलं तरी काही आलं नाही.

मेंढरं घेऊन एक धनगर आला. त्याला सुभेदारांनी विचारलं.

"हूम व्हय? गेल्या साली हुता की," तो म्हणाला. "नर लय मिरवायचा हितं. धा-धा दिस हलला न्हाई बघा. म्या म्हनायचो, सुभेदार कसं येईनात औंदा? आता इंजान बसल्यापासनं न्हाई येत."

मेंढरं निघून गेल्यावर सुभेदारांनी पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावली आणि सावकाश फिरवत सगळा माळ बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ती माझ्या हातात दिली.

"झकास हाय," म्हणाले. "लय लांबचं दिसतंय."

त्यांना हूम पुन्हा दिसला नाही. या धंद्यात माझ्या हातून बऱ्याच काचा गेल्या, पण इतकं वाईट कुठल्या काचेचं वाटलं नाही. नवी घेऊ की जुनी ठेवू, असं आजही लोक विचारायला येतात. मी आधी विचारतो, पुसणार कशानं? लोकांना तो विनोद वाटतो. मी उत्तर मिळेपर्यंत थांबतो.