रंभाजीनानांचा पाणबुड्या कॉम्प्युटर

काष्टीच्या आसपास कुणाच्या विहिरीत काही पडलं, की रंभाजी ओहोळांना बोलावणं यायचं. पाण्याची मोटर, कळशी, शेळी, एकदा तर हळदीच्या अंगानं विहिरीत डोकावलेल्या नवरदेवाचा चष्मा. नाना धोतराचा काचा मारायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि दिसेनासे व्हायचे. काठावरची माणसं त्यांच्याबरोबर आपलाही श्वास धरून उभी राहायची. नाना वर यायचे ते हातात वस्तू आणि तोंडात तक्रार घेऊनच.

"विहीर हाय का उकिरडा? खाली दोन खराटे अन् एक सायकल हाय तुमची!"

त्यांचे जावई महेंद्र मुंबईच्या बंदरात पाणबुडे होते. जहाजांच्या बुडाची दुरुस्ती करायचे. शहाण्णव साली त्यांच्या कंपनीनं नवी यंत्रं आणली, तेव्हा जुन्यातलं एक त्यांनी सासऱ्यांसाठी मागून घेतलं. मनगटावर बांधायचा, वाटीएवढा काळा डबा.

"मामा, हा पाणबुड्यांचा कॉम्प्युटर. किती खोल गेलात ते आकड्यात दाखवतो." महेंद्रनी बोट जिभेला लावून डब्याच्या कडेच्या दोन पितळी ठिपक्यांवर टेकवलं. काचेत आकडे उमटले.

नाना हरखून गेले. काष्टीच्या बाजारात त्यांनी निम्म्या तालुक्याला बोट ओलं करून आकडे दाखवले. कांद्याच्या ढिगामागं बसलेल्या बाया विचारायच्या, "यात बातम्या लागत्यात का, नाना?"

"बातम्या न्हाईत, पर इहिरीचं खरं-खोटं कळतं," नाना म्हणायचे.

हेच बोलणं श्रीमंत आणि सहादेव यांच्या कानी गेलं. शेताला शेत लागून असलेल्या या दोघा बांधकऱ्यांमध्ये कुणाची विहीर जास्त खोल, यावरून कित्येक वर्षं धुसफूस होती. दोघांनी नानांना पंच नेमलं.

पहिली बुडी श्रीमंतच्या विहिरीत. नाना वर आले, तर काच कोरी. एक आकडा क्षणभर उजळला, लुकलुकला आणि विझला.

"माजी इहीर इतकी खोल, की मशीनच बेशुद्ध पडलं," श्रीमंत म्हणाला.

"तुजं पानीच घाण हाय," सहादेव म्हणाला.

नाना यंत्र घेऊन सॅम्युएलकडे गेले. सॅम्युएलचं बाजारपेठेत रेडिओ, टेप आणि घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यानं मागचं झाकण फिरवून काढलं. आत जाड नाण्यासारखा सेल होता. त्याला मल्टिमीटर लावला, काटा हललाच नाही.

"सेल गेलाय, नाना. नगरहून मागवतो."

नवा सेल बसला. आकडे आले. नाना खुशीत घरी गेले. दोन दिवसांनी तोंड पाडून परत आले.

"सामेलभाऊ, परत मेलं."

आता सॅम्युएलला इरेला पडल्यासारखं झालं. त्यानं सेलला टेकणारी आतली पट्टी खोडरबरानं घासून लखलखीत केली. झाकणाखालचं रबरी कडं भिंगाखाली धरून पाहिलं. ते कुठं चिरलेलं नव्हतं; आत पाण्याचा टिपूसही नव्हता. तरी त्यावर त्यानं ग्रीसचं बोट फिरवलं आणि पुन्हा नवा सेल घातला. तोही दोन दिवसांत संपला.

"हे मशीन सेल खात न्हाई, गिळतंय," सॅम्युएल हताश होऊन म्हणाला. "जावयाला फोन लावा."

एसटीडी बूथच्या काचेच्या खोलीत नाना शिरले. मागोमाग नानांची बायको भागिरथीबाई आणि सॅम्युएलही शिरले. दार लागेना, म्हणून सॅम्युएल अर्धा बाहेर राहिला.

"मामा, वापरून झाल्यावर ते ठेवता कुठं?" महेंद्रनी पलीकडून विचारलं.

"तांब्यात."

"कोरड्या तांब्यात ना?"

"कोरड्या कशाला? पानी भरून! रोज ताजं पानी बदलतो मी. पान्यातली वस्तू ती, सुकून मेली म्हंजे?"

पलीकडून हसू दाबल्यासारखा खोकला ऐकू आला.

"मामा, पाणी लागलं की ते चालू होतं. तांब्यात ठेवलं तर त्याला वाटतं तुम्ही बुडी मारलीय. दिवस-रात्र ते जागंच राहतं. धुवा, पुसा आणि खडखडीत कोरडं ठेवा."

भागिरथीबाईंनी फोन नानांच्या हातातून ओढून घेतला. "जावईबापू, मी रोज वरडत हुते, माजा तांब्या मोकळा करा म्हनून!"

यंत्र तांब्यातून कोनाड्यात आलं, कोरड्या फडक्यात. सेल टिकला. मग नानांनी दोन्ही विहिरींत बुडी मारली आणि दोन्ही वेळा आकडा सॅम्युएलनं मोठ्यानं वाचला. सहादेवची विहीर अर्ध्या मीटरनं खोल निघाली. सहादेवनं पागोटं उडवलं.

"थांब थांब!" श्रीमंत म्हणाला. "सकाळपास्नं माजी मोटर चालू हाय. पानी खाली गेलंय."

नानांनी ओलं डोकं पुसलं. "बरूबर हाय. हे पानी मोजतं, इहीर न्हाई मोजत."

झालं! दुसऱ्या दिवसापासून दोघांनी पाणी चढावं म्हणून मोटरी बंद ठेवल्या. रोज सकाळी काठावर येऊन दोघंही पाण्याकडं टक लावून बसायचे. कांदा माना टाकू लागला. शेवटी दोघांच्या बायकांनी आपसात ठरवून एकाच दुपारी दोन्ही मोटरी सुरू केल्या, आणि नवऱ्यांना सांगितलं, की विहिरी मोजायच्या असतील तर भाकरीही स्वतःच थापायची. स्पर्धा तिथंच मिटली.

नानांनी मात्र यंत्र सोडलं नाही. मोटर काढायची असो की कळशी, ते मनगटावर असायचंच. त्यात एक खोड होती: नाना तळातून झपाट्यानं वर येऊ लागले, की ते कर्कश ओरडायचं. मोठ्या बाटल्यांतली हवा घेऊन बुडी मारणाऱ्यांना झपाट्यानं वर येणं घातक असतं, त्यांच्यासाठी तो इशारा. छातीतल्या एका श्वासावर जाणाऱ्या नानांना त्याचा काही उपयोग नव्हता. डोकं पाण्याबाहेर काढलं, तरी मनगट किंचाळतच असायचं, आणि नाना त्याच्यावर खेकसायचे, "आलो ना वर, आता गप!"

भागिरथीबाईंना मात्र तो आवाज फार आवडला. सेल उतरला, की आता त्या स्वतःच यंत्र घेऊन सॅम्युएलच्या दुकानात जायच्या.

"नवा घाल, भाऊ," त्या म्हणायच्या. "माजं ऐकत न्हाईत ते. निदान हे तरी त्यांच्यावर वरडू दे."